मायचं पातळ नेसलेलं बुजगावणं

आंजी (मोठी)
१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

वर्षाताईले चंदनचा नमस्कार. भाऊजीले नमस्कार, पिल्लाले पापा, तुह्या सासूले लांबूनच नमस्कार. इकडं सगळे मजेत आहे असं लिवा लागते म्हणून लिवलं.

ताई, बाबाचा हात म्या मोडला.

रेतीत पाय घसरून पडले असं तुले फोनवर सांगतलं, ते खोटं होतं. खरं फोनवर सांगता येत नोव्हतं. तुले स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाई, अन् स्पीकर लावला का तुही सासू भाजी निवडणं सोडून जवळ सरकते. म्हणून हे पत्र. चिंधू वांग्याचा टेम्पो घेऊन तळेगावच्या बाजाराले येऊन राह्यला, त्याच्या हाती पाठोतो. पाकिटाले डिंक लावला, वरून भाताचं शीत बी लावलं. फाटलेलं दिसलं तर चिंधूच्या एक कानाखाली ठेवून दे.

नाई, राहू दे. मारू नको.

आठवी झाल्यावर एवढं लांब काई लिवलं नाई, चुका पोटात घाल.

लकवा मारल्यापासून बाबाचा उजवा हात कसा लोंबकळत होता ते तुनं दिवाळीत पाह्यलंच. माय घास भरवे, तोंड पुसून दे. तुले एक सांगू? त्या दिवसायत माय भाकरी थापता थापता गाणं म्हणाले लागली होती. तिले गाणं येते हेच मले माहीत नोव्हतं. पण तिनं महादेवाले नवस बोलून ठेवला, ह्यांचा हात येऊ दे म्हणून. मी म्हटलं, "माय, काऊन वं? कोणता हात पाह्यजे तुले?" तर म्हणे, "असं नाई बोलाव बापू. मालकाचा हात हाय."

मंग पिपरी मेघेवरून उज्वला मॅडमची गाडी धाम नदीच्या काठी येऊ लागली. लकव्यावाले, पाय तुटलेले, कमरीतून गेलेले, सगळ्यायले गोळा करून ती रेतीत अनवाणी चालवते. गुडघाभर पाण्यात उभं करते. करंजीच्या झाडाले दोर बांधून ओढाले लावते. शेवटी चेंडू, गाणे, चना-मुरमुरा. मॅडम म्हणते ही मोकळ्या हवेतली फिजिओथेरपी. गाववाले म्हणतेत बुढ्यायची पिकनिक. मी बाबाले गाडीवर बसवून नेत होतो, अन् तठी माहं लय जमलं. मोतीलालकाकाचा नकली पाय माहीत हाय ना? त्यायनं तो काढून ठेवला होता, म्या त्यात बेडूक सोडला. घालाले गेले तर बेडूक बाहीर अन् काका चड्डीतच बोंबलत. मॅडम बी हासली. म्हणे, "चंदन, तू माझा अर्धा इलाज आहेस."

पण बाबाचा हात काई हालेना. एक दिवस मॅडमनं मायले बोलावून घेतलं. म्हणे, "आनंदाबाई, ह्यांच्या हाताला जे सवयीचं होतं तेच आपण त्याला देऊ. हात ते विसरत नाही. काय करायचे हो हे हातानं?"

मायनं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं. म्हणे, "डवरत. वखर हाकलत. तूर झोडपत."

मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "हो, तूर लय झोडपत."

माय अन् म्या एकमेकाकडं पाह्यलं बी नाई. आपल्या घरात त्या सवयीचं नाव घ्याची रीतच नाई ना ताई. तुह्या डाव्या कानाचं बी आपण आजवर "लहानपणी ताप आला होता" असंच सांगतो. भाऊजीले बी तेच सांगतलं. तो ताप कसा आला होता ते मले आठोते. तू घाटावर कोणासंगं तरी बोलली होती, अन् मी माच्याखाली लपलो होतो.

मॅडमनं तुरीचे झाडं आणले, काठी बाबाच्या मुठीत पट्टीनं बांधली. हात तसाच, मेल्या घोरपडीवाणी.

मंग मले मस्ती सुचली. वांग्याच्या वावरातलं बुजगावणं म्या गाडीले बांधून नेलं. म्हटलं सगळे मिळून त्याले चेंडू मारतीन, मजा येईन. त्याच्या अंगावर मायचं ते जुनं हिरवं पातळ होतं, तुह्या लग्नातलं. रेतीत रोवलं अन् मी त्याच्या मागं लपून मायच्या आवाजात बोललो, "अवो, आज बी ढोसून आले का जी? पोट्टे उपाशी हायेत!"

सगळे खदखदून हासले. मोतीलालकाकानं तर मुरमुरे थुकले.

बाबा नाई हासले. त्यायच्या खांद्याले झटका बसला. हात उचलला गेला ताई. एवढे महिने मेलेला हात, सरळ वर, कोपरातून मागं, अन् बुजगावण्याच्या कानफाडात. तणीस उडाली. मुंडकं एकीकडं कलंडलं. झापड त्याच बाजूनं, जिकडून नेहमी येते.

सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. "शाब्बास महादेवराव! अजून एक! चंदन, पुन्हा बोल, पुन्हा बोल!"

अन् मी बोललो. टाळ्या बी वाजवल्या. सगळ्यात जोरात माह्याच होत्या.

मंग दर खेपेले तेच. मी मायचा आवाज काढो, बाबा मारत. पह्यले झापड, मंग बुक्की. मुंडकं तुटलं का मी नवीन तणीस भरो, पातळ नीट नेसवो. घरी येऊन बाबा गिलास उचलाले लागले. शर्टाची गुंडी लावाले लागले. मायनं गाणं म्हणणं कधी बंद केलं ते माह्या ध्यानात बी नाई आलं.

एक दिवस सकाळी मी अंगणात गाडी पुसत होतो. आतून कपबशी फुटल्याचा आवाज आला, अन् त्याच्या मागून दुसरा आवाज, जो आपल्या दोघायले चांगला माहीत हाय. पळत गेलो तं माय चुलीजवळ बसलेली. ओठ फाटलेला, हनवटीवरून रक्त गळून राह्यलं. चहात साखर कमी होती म्हणे.

अन् ताई, ती हासत होती. रक्ताच्या दातानं हासत मले म्हणे, "चंदन, हात आला रे ह्यांचा. महादेवानं आयकलं."

त्याच दिवशी तोंडाले पदर लावून नारळ फोडून आली.

त्याच्यानंतर काय काय झालं ते सगळं लिवत नाई. हात नवा होता, त्याले रोज वापरून पाहाचं होतं. एकदा लाटणं घेतलं. मायले कुशीवर निजता येत नोव्हतं. मी मधात गेलो तं माय म्हणे, "तू बाजूले हो, तुले लागन." मॅडमले म्हटलं हे बंद करा, बाबाचा हात पुरे झाला. मॅडम म्हणे, "अरे वेड्या, आता तर पकड येतेय. बुजगावणं ही तुझीच तर आयडिया!"

माहीच होती.

कुंपणाचा एक लोखंडी अँगल पडला होता विहिरीजवळ. तो म्या बुजगावण्याच्या मुंडक्यात उभा घातला, खाली बांबूले तारेनं आवळला, वरून तणीस, वरून चिंध्या, वरून पातळाचा पदर. मस्करीच समज. बेडकावाणीच. हात दुखीन, दोन दिवस सुजीन, असंच मनात होतं. असं मी स्वतःले सांगत होतो. पण मंग म्या तार पक्कडनं दोनदा काऊन पिळली, हे मले इचारू नको.

मॅडम म्हणे, "महादेवराव, आज पूर्ण ताकदीनं!" मी मागून बोललो, "अवो, साखर संपली जी."

बाबानं मूठ वळली अन् अंग झोकून मारलं.

उसाचं कांडं मोडल्यावाणी आवाज झाला. मनगटाच्या वर हाडाचं टोक कातडी फाडून बाहीर आलं. बाबा गुडघ्यावर पडले, बोंबललेच नाई पह्यले, नुसतं तोंड उघडं. मंग बोंबलले. रक्त रेतीत पडे अन् रेती पिऊन टाके. मोतीलालकाका उठून चालले दोन पावलं बिना काठीचे, कोणाच्या ध्यानात बी नाई आलं. मॅडम पांढरीफट. सगळे बाबाकडं धावले, अन् म्या तेवढ्यात अँगल उपसून डोहात टाकला. मंग म्हटलं, "पाय घसरला, खाली दगडावर हात आदळला." मॅडमनं मानलं. तिले वाटते तिनंच जोर लावाले लावला. रडत होती. अजून तिची गाडी आली नाई. मोतीलालकाका मले रोज इचारते, "कधी येईन बे मॅडम?"

इथपर्यंत सगळं सांगतलं. आता जे सांगाचं नोव्हतं ते.

दवाखान्यात नेताना मॅडमच्या गाडीत मागं मी अन् बाबाच. बाबाचं डोकं माह्या मांडीवर, तुटलेला हात टॉवेलात गुंडाळून माह्या हातात. वर्धेचा रस्ता कसा हाय तुले माहीत हाय, गचका बसला का बाबा कण्हत. मंग त्यायनं डोळे उघडले. लकव्याच्या तोंडानं तुटक बोलले, "लोखंड... तुनं... ठेवलं."



म्या तो हात दाबला, ताई. जिथं मोडला होता तिथंच. बाबा वरडले. पुढून मॅडम म्हणे, "सांभाळून धर रे!" मी म्हटलं, "हो मॅडम, सांभाळूनच धरला." अन् अजून दाबला. हाड हाडावर घासलेलं माह्या बोटायले समजलं. बाबाच्या डोळ्यात मी पाह्यत होतो. तिथं मले माच्याखालचा मी दिसलो, अन् कानावर हात धरून कोपऱ्यात बसलेली तू दिसली. बाबा आपल्यावाणी भेले होते.

मले गोड वाटलं. थांबाव असं वाटतच नोव्हतं. दवाखाना आला म्हणून थांबलो.

अँगल मस्करी होती म्हणून सोडून देता येते. हे मस्करी नोव्हती. हे कोणी शिकवलं नाई मले, हाताले आपोआपच येत होतं. मॅडम म्हणे ते बरोबर हाय, हात विसरत नाई. फक्त कोणाचा हात कोणात येते, ते तिले माहीत नाई.

डॉक्टरनं सळई टाकली. म्हणे आता हा हात कामाचा होणं कठीणच. माय पुन्हा घास भरवते. रडते, महादेवाचं काय चुकलं म्हणते. ओठ भरून आला तिचा. काल भाकरी करताना एक ओळ गुणगुणली, मंग मले पाहून चूप झाली.

मी घरात गेलो का बाबा डाव्या हातानं डोकं झाकून घेते. माय मले इचारते, "काऊन भेते रे हे तुले?" मी म्हणतो, "लकव्यानं डोकं गेलं बुढ्याचं." अन् हात खिशात घालतो. आजकाल हात खिशातच ठेवतो. परवा चिंधूनं मस्करीत माही टोपी ओढली तं माहा हात वर गेलता. कोपरातून मागं, तसाच. चिंधू हासत होता, त्याले वाटलं मी बी मस्करीच करून राह्यलो.

ताई, मायचं म्या भलं केलं का वाईट, हे तू सांगू नको, मी इचारत बी नाई. फक्त हे वाचलं का चुलीत टाक. जळून राख होईपर्यंत उभी राह्य. भाऊजीले सांगू नको. सासूले तं नाईच. मॅडम कधी भेटली तं तिले बी नको, मी सांगीन कधीतरी, पण मीच सांगीन. मायले मी मेल्यावर बी नको सांगू, तिचा नवस खोटा पाडू नको.

अन् अँगलचं एक वेळ तोंडातून निंघून गेलं तं जाऊ दे. गाडीतलं नको. तुह्या पाया पडतो वर्षाताई, तुह्या त्या कानाची आण, गाडीतलं कोणाले सांगू नको. उद्या माह्या घरात कोणी नवरी म्हणून आली तं तिले बी नको.

नाई.

तिले सांगजो. तिले एकटीलेच. बाकी कोणालेच नको.

तुहा,
चंद्या