ओढ्याकाठचं ओलं घर

प्रिय आई,

आम्ही दोघं मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? ऑगस्टच्या सुट्टीसाठी घर एकदाचं ठरलं.

एजंटनं आधी टेकडीवरचं घर बघायला पाठवलं. एडमंड वाटेतच मागे रेंगाळायला लागला होता. दारावर गुलाब, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. मला बघताक्षणी आवडलं. तेवढ्यात मालकीण हॅडलीबाई आल्या आणि त्याला म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही! किती वर्षांनी! आणि लिडिया कुठंय? हे गुलाब तिनंच लावलेत."

त्याची पहिली बायको गेल्याचं त्यांना कुठून ठाऊक असणार? एडमंडनं हळूच सांगितलं. बाईंचे डोळे भरले. "काय गोड हसायची हो!" माझ्यापुढे त्यांनी चहाचा कप सरकवला, तेवढंच.

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, कळतं गं मला. तरी मी म्हटलं, "आईला इतका चढ झेपणार नाही." तुझं नाव पुढे केलं, रागावू नकोस.

मग ओढ्याकाठचं घर पाहिलं. भिंतींना ओल, खोल्या अंधाऱ्या. मी हट्टानं म्हटलं, "मला हेच आवडलं."

एडमंड खिडकीशी उभा होता. "हेच घेऊ, हेस्टर. इथे मी कुणाबरोबर आलेलो नाही."

मी त्याचा हात धरला. पण हे बोलताना त्याचा आवाज का भरून आला, ते विचारायचं धाडस झालं नाही.

येताना लोकरीचे कपडे जास्तच आण.

तुझी लाडकी,
हेस्टर