बीट पुरे, हातमोजे पाठव

आईला थोरलीचा लांबूनच नमस्कार.

बीट खा, बीट खा, हे आता पुरे कर. माझं रक्त कमी बनत नाही गं, बनलेलंच अंगात फुटतं. गारठा लागला की जास्तच. डॉक्टरीणबाईंनी ऊब सोडायची नाही म्हणून बजावलंय.

आणि आमच्या कारखान्याचा हा मुकादम मला रोज मासळीच्या बर्फखोलीत ढकलायचा! म्हणे, "नाटकं करतेस." परवा कोऱ्या चहासारखी लाल-काळी झालेली लघवी बाटलीत भरली नि त्याच्या टेबलावर आदळली. "घे, हे माझं नाटक!"

आता बाहेर उबेत बसून खोके चिकटवते.

तुझे गुडघे कसे आहेत? जाड लोकरीचे हातमोजे विणून पाठव. आणि घरी येईन तेव्हा मला या रक्त फुटण्यानं पिवळी पडलेली बघून दारातच रडलीस, तर तिथूनच परत फिरेन.

तुझी तापट थोरली