रेडा विरुद्ध काडी

४ मार्च, सोमवार
आजपासून काम सुरू. दादाला बघायला हॉस्पिटलात रिकाम्या हाताने जाणार नाही. फळं सगळेच नेतात. मी स्क्रीनशॉट नेणार.
लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शेजारी शेजारी दोन मशीन होती. एकावर दादा त्याचा पैलवान घेऊन मारामारी करायचा, दुसऱ्यावर मी माझा लुकडा लाथाड्या. त्याचा रेडा, माझी काडी. गेमच वेगळे, त्यामुळे ते दोघे कधी भिडले नाहीत. कोण जिंकलं असतं यावरून आम्ही मात्र जन्मभर भिडलो. आता दोघे एका पडद्यावर. स्क्रीनशॉट खोटा, पण अस्सल वाटणारा. काडी जिंकत आलेली. दादा चिडेल, मग हसेल. हसला की निम्मा बरा.
बुधवारपर्यंत तयार. गुरुवारी भेट.

६ मार्च, बुधवार
जरा किचकट आहे. जुना गेम कॉम्प्युटरवर चालवायचा, मागचा देखावा बंद करायचा, गडी हवी ती पोझ घेईपर्यंत थांबायचं आणि पॉज करून टिपायचं. अशा सुट्या चित्राला स्प्राइट म्हणतात, असं बायकोला समजावलं. ती म्हणाली, दीड तासावर सख्खा भाऊ पडलाय आणि तुम्ही बाहुल्या कापत बसलाय.
तिला यातलं कळत नाही. माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोंत माणसांमागच्या भिंती पुसण्यात हयात गेली. दोन बाहुल्या म्हणजे किस झाड की पत्ती.
भेट शनिवारी. नक्की.

९ मार्च, शनिवार
रेडा काडीच्या दुप्पट निघाला. दोन गेम, दोन मापं. काडी मोठी केली तर चौकोन चौकोन दिसते, फरशीसारखी. रेडा लहान केला तर दादासारखा दिसतो. म्हणजे आताच्या दादासारखा, वहिनींनी पाठवलेल्या फोटोतल्या. तो फोटो नीट पाहिला नाही. नेट स्लो होतं.
रेडा होता तेवढाच ठेवला.
शनिवारी हॉस्पिटलात फार गर्दी असते.

१२ मार्च, मंगळवार
सावलीने छळलं. या जुन्या गेम्समध्ये सावली एका फ्रेमला असते, पुढच्या फ्रेमला नसते. काडीची लगेच मिळाली. रेड्याची काही केल्या सापडेना. पॉज करावं तर नेमकी गेलेली.
वहिनींचा फोन. दादा विचारतोय, बारक्या कधी येतोय. म्हटलं, मोठं काम हातात आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते आता जेवत नाहीत." मी म्हटलं, हॉस्पिटलचं जेवण कुणाला आवडतं.
डोक्यावरच्या लाइफच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे कुणात किती जीव उरलाय ते. रेड्याची जवळजवळ रिकामी ठेवायची असं ठरलं होतं. अर्धी भरली. लढत चुरशीची वाटायला हवी, दुसरं काही नाही.

१५ मार्च, शुक्रवार
बायको सकाळीच पिशवी घेऊन दारात उभी. गाडी काढा म्हणाली. टायरमध्ये हवा कमी वाटत होती, तसं सांगितलं. ती म्हणाली, कमी आहे ती तुमच्यात. बसने एकटीच गेली.
वेळ मिळाला तेवढ्यात रेड्याची पट्टी पूर्ण भरली. काडीचीही पूर्ण. आता कुणीच हरत नाही. दिसतंही बरं.
ती संध्याकाळी आली आणि भांडी घासायला लागली. दादा काय म्हणाला, विचारलं. म्हणाली, जाऊन विचारा.

१७ मार्च, रविवार
चित्र पूर्ण. रेडा बिनसावलीचा राहिला, पण एवढं कोण बघतंय. वहिनींच्या फोनवर पाठवून दिलं. आजारी माणसाला भेटायला आलेल्यांचा फार थकवा येतो.
तासाभरात फोन. वहिनी म्हणाल्या, दादाने बराच वेळ बघितलं, खोकला येईपर्यंत हसला, स्वतःच्या फोनवर मागून घेतलं. मग मागून त्याचाच आवाज आला. आधी ओळखलाच नाही.
"घड्याळ बघ की, गाढवा. शून्य आहे. वेळ संपल्यावर कसली मारामारी करतोस? ये आता."
बघितलं. दोन पट्ट्यांच्या मधलं, उलटे सेकंद मोजणारं घड्याळ खरंच शून्यावर. कुणी कुणाला मारत नव्हतं, मी नुसती पोझची वाट बघत बसलो, तेवढ्यात गेमचा वेळ संपला होता. वरची सगळी पट्टी, घड्याळासकट, मी तिथूनच उचललेली. दादाची नजर पहिल्यापासून तिखट.
शून्य काढून नव्व्याण्णव घालतो, म्हणजे लढत नुकतीच सुरू. उद्या सकाळी स्वतः नेऊन दाखवणार. बायकोला शर्ट काढून ठेवायला सांगितलं. तिने इस्त्रीसुद्धा केली.

१८ मार्च, सोमवार
शर्ट घातला. टायर ठणठणीत. निघता निघता दुसरा नऊ किंचित खाली उतरल्यासारखा वाटला. म्हटलं, दादाला लगेच दिसेल. तेवढा वर घ्यायला बसलो.
फोन वाजला. बायकोने घेतला.

२० मार्च, बुधवार
दादाच्या घरी सगळे भेटले, एक तो सोडून. मी आलो म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. निघताना वहिनींनी दादाचा फोन दाखवला. उघडला की समोर तेच चित्र. पहिलं, शून्यवालं. नवीन पाठवू का, असं विचारणार होतो. नाही विचारलं.
घरी येऊन नव्व्याण्णव पुसलं आणि शून्य परत बसवलं. पहिल्या झटक्यात नीट बसलं.