अकरा स्त्रीबीजं

३ जून
सटाण्याहून सकाळच्या एसटीने आले. द्वारका चौकात रिक्षावाल्याला नुसतं 'बाळांचं हॉस्पिटल' म्हटलं, तर त्याने थेट दारात सोडलं. वंध्यत्व उपचार केंद्रातली माझी पहिली नोकरी! प्रयोगशाळा लखलखीत. मागच्या खोलीत द्रव नायट्रोजनच्या पाच टाक्या, त्यांत गोठवून ठेवलेली स्त्रीबीजं आणि भ्रूण. डॉ. गौरांगनी स्वतः फिरून सगळं दाखवलं. सफाईच्या गोजराबाईंनी आल्याचा चहा दिला. खुशीत आहे.

६ जून
खुशनुमा शेख आली होती. मालेगावला शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाची केमो सुरू होण्याआधी तिने इथे अकरा स्त्रीबीजं ठेवली. आता बरी आहे, लग्न ठरलंय. नवे आलेले केस दाखवून हसली. "ताई, माझी अकरा नीट आहेत ना?" उद्या बघून सांगते म्हटलं.

७ जून
टाकी चार. तिच्या नावाच्या अकरा नळ्या. अकराही रिकाम्या. आणखी तिघींच्याही तशाच. चौघीही कर्करोगाच्या पेशंट. नोंदवह्या ताडून पाहिल्या. त्यांची बीजं दुसऱ्या जोडप्यांना दिलीत. डॉक्टर शांतपणे म्हणाले, वितळताना खराब झाली असं लिहा आणि सही करा. अशा बायका परत येतातच असं नाही.
मी सही केली नाही.

९ जून
गोजराबाईंनी जिन्यात गाठलं. "मॅडम, सही करून मोकळ्या व्हा. तुमच्या आधीच्या दीपक सरांनी नाय केली. त्या टाकीच्या खोलीतच मेलेले सापडले. आत हवाच नव्हती म्हणत्यात."
नायट्रोजन सुटला की हवेला हुसकावतो. वास नाही, रंग नाही. म्हणून भिंतीवर गजर असतो. जाऊन पाहिलं. वायर कापलेली.
लगेच नोंदींचे फोटो काढले.

१० जून
खुशनुमाला फोनवर सगळं सांगितलं, फोटो पाठवले. तिने एकेक फोटो उघडून पाहिला. मग म्हणाली, उद्या अकरा वाजता पोलिसांना घेऊन येते. तुम्ही तिथेच थांबा.
थांबणार.

११ जून, १०.४०
टाकी चार हलवायला माणसं येणार असं कळलं. पुरावा जाऊ नये म्हणून नळ्या काढून घ्यायला टाक्यांच्या खोलीत आले. दाराला बाहेरून कडी घातली कुणीतरी. फोन टेबलावर राहिला. ही वही तेवढी खिशात.

नायट्रोजन भराईचा नळ बाहेरून सोडलाय — फुसफुस — पाय गार —

डॉक्टरांनी दाराखालून कागद सरकवला. सही केली की उघडतो म्हणतात.

कागदाच्या पाठीवर चौघींची नावं लिहिली. मोठ्या अक्षरात. परत सरकवला.

स्टुलावर उभी आहे. वर थोडी हवा — अक्षर वाकडं येतंय —

बाहेर बायकांचे आवाज. गोजराबाई ओरडतायत, कडी काढा म्हणून — खुशनुमा? — दार हलतंय —

नळ्या माझ्या मुठीत आहेत. सही मी केलेली नाही —