बोगद्याच्या तोंडाशी

आबा, तुमच्या नातीला उद्या बोगद्यात उतरू देणार नाहीत. तिनं सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. वर्तमानपत्रातली सवय, म्हणून दिल्लीला फोन लावून तिच्या साहेबाकडूनच खात्री करून घेतली. ठेकेदाराकडचा इंजिनिअर, बोलायला सभ्य. म्हणाला, "मॅडम, मैं खुद नहीं मानता. लेबर मानता है. औरत अंदर गई तो अपशकुन." तुम्ही गेलात तेव्हा शाळेत असलेली ती पोर आता इंजिनिअर आहे. दिल्लीत जमिनीखालून रेल्वे धावणार आहे आणि तिथल्या एका बोगद्याची रेघ तिनं आखली आहे. मातीत शिरलेलं यंत्र उद्या त्याच रेघेवरून येऊन स्टेशनाची भिंत फोडणार. सगळे खाली उभे राहून ते बघणार आणि हिनं मात्र वर, रस्त्याच्या कठड्याला टेकून बघायचं. "आई, रेघ माझी, आणि मी वरनं बघायचं व्हय?" तिनं विचारलं. मला तुमची आठवण आली आणि खरं सांगायचं तर रागच आला.

शाहूवाडीच्या डोंगरात तुमचा पाण्याचा बोगदा आरपार व्हायचा होता, तो दिवस आठवतो का? संपादकांनी मला पाठवलं होतं. मुकादमाची मुलगी म्हटल्यावर बातमी आपल्याकडंच चांगली येणार, असा त्यांचा हिशेब. मी वही घेऊन तोंडाशी येते तर तुम्ही बॅटरी आडवी धरून उभे. "तू हितंच थांब." बाकीच्या पेपरांची माणसं माझ्या बाजूनं आत जातायत. त्यातला एक हसत म्हणतो, "ताई, आतलं आमी सांगतो की, तुमी नुसतं लिवा." मी तुमच्याकडं बघते, तर तुम्ही त्याच्या बॅटरीचा उजेड तपासताय. ज्यांच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, ज्यांनी सत्यनारायणाचा प्रसाद कधी हातात घेतला नाही, कामावर नारळ फुटताना जे हात मागं बांधून लांब उभे राहायचे, ते तुम्ही! माझ्या बातमीत 'प्रत्यक्षदर्शींनी सांगितले' असं छापून आलं. मी तिथंच होते, आबा.

रात्री मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय. तुम्ही टॉवेलात गुंडाळलेला दगड ओट्यावर ठेवता. "घे. शेवटच्या भिंतीचा हाय." मी हात लावत नाही. मग तुम्ही ताटावर बसता आणि माझ्याकडं न बघता बोलता, "मी मानतो व्हय गं? पण आतली माणसं मानत्यात. भ्यालेल्या माणसाचा हात चुकला, तर मी त्याच्या बायकूला काय सांगू?" आई तव्याकडं बघतच म्हणाली, "आणि हिला काय सांगणार?" तुम्ही भाकरी मोडलीत.

तो दगड राजारामपुरीतल्या ऑफिसात माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. तुमच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. पण इतक्या वर्षांनी तोच जबाब दुसऱ्या भाषेत, दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, तेव्हा डोकं भणाणलं. तुम्ही मानत नव्हता, साहेब मानत नाही. साहेबाला म्हटलं, लेबरपैकी कुणाशी बोलू द्या, तर म्हणाला, "वो भी बोलेगा मैं नहीं मानता, बाकी लोग मानते हैं." मानणारा माणूस शोधून सापडत नाही आणि पाळणं मात्र चुकत नाही. अशी बातमी कुणाच्या नावानं लिहायची? आणि हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकायचं? तुमच्या दगडाखाली ठेवते.

उद्या दुपारच्या आत यंत्र बाहेर पडेल, असं साहेब सांगतो. तुमची नात कुणाला न विचारता हेल्मेट घालून शिडी उतरणार आहे. बॅटरी आडवी धरायला कुणी ना कुणी असेलच. मी तिला "जा" म्हटलंय. फोन ठेवला आणि मनात आलं, नेमकं उद्याच खाली काही वाईटवाकडं झालं तर? मी मानत नाही, आबा. पण उद्या यंत्र बाहेर पडेपर्यंत मी फोनजवळून हलणार नाही.