दोघांचा तंबू आणि गावाची डीपी

जुना जालना,
शनिवार

प्रिय साडूभाऊ आदिनाथराव यांस, कल्याणचा रामराम.

रेणूचा गुडघा आता जिने चढू देत असेल आणि तुमच्या नव्या गाडीला अजून कोणी ओरखडा काढला नसेल, असं धरून लिहायला बसलोय. आमच्याकडं तब्येती बऱ्या आहेत. मात्र माझ्यावर एक घोर अन्याय झालाय आणि तो कुठल्याच कार्यालयात नोंदवता येत नाही. तंबू ज्या पिशवीतून येतो, त्या पिशवीत तो परत जात नाही. गुडघ्यानं दाबला, लाटण्यानं लाटला, शेवटी सुरेखाला त्यावर बसायला सांगितलं (हे तिला ज्या शब्दांत सांगितलं ते चुकीचे निघाले), तरी एक कोपरा बाहेरच. आयुष्यभर साड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसाला एका पिशवीनं दुकानातल्या पोरांसमोर हरवावं, याचं दुःख तुम्हाला कळेल.

तंबू कशाला, हे तुम्हाला माहीतच आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होतात म्हणून सुरेखाला विचारलं, काय पाहिजे? साडी नको म्हणाली. (कापडवाल्याच्या बायकोला साडी म्हणजे घरी आणलेलं दुकान.) सोनं नको. अजिंठ्याच्या डोंगरात एक रात्र तंबूत राहायचं, दोघांनीच. "दोघांनीच" हा शब्द तिनं दोनदा म्हटला, आणि वर म्हणाली, या वेळी जमलं तर जमलं, पुन्हा मागणार नाही. तिचं बरोबर होतं. आम्ही दोघंच असे कधी कुठं गेलोच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा देवदर्शनाला निघालो, तर जीपमध्ये जागा आहे म्हणून आत्या बसली, आणि आत्याला सोबत म्हणून मामी.

मी लगेच तंबूच्या अभ्यासाला लागलो. दोघांचा तंबू दोन किलोच्या आत असावा, खांब अॅल्युमिनियमचे, वर पावसाचं वेगळं आवरण, आणि दारं दोन, म्हणजे एकाला उठायचं तर दुसऱ्याला तुडवावं लागत नाही. इथपर्यंत ठीक होतं. मग शीतलचा फोन आला, की बाबा, आम्ही दोघं पण येतो. मी म्हणालो, या की. तंबू चौघांचा झाला. मग तुमचा फोन आला. तुम्हालाही म्हणालो, या की. तंबू आठ जणांचा झाला, मधे पडदा, उभं राहता येईल एवढी उंची, आणि वजन असं की पाठीवर घ्यायला वेगळा माणूस लागावा आणि त्या माणसाला झोपायला वेगळा तंबू. सुरेखानं मोबाइलमध्ये डोकावून एवढंच विचारलं, "तंबू घेऊन राह्यले का मंगल कार्यालय?" आणि माझ्या हातातून फोन घेऊन दोघांचा मागवून टाकला. तुम्हाला हे कळवायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

तिनं अट एक घातली. माझ्या कमरेचा इतिहास पाहता आधी सपाटीवर एक दुपार तंबूत बसून दाखवायचं. आमच्या गल्लीत सगळं सिमेंट, खुंटी जाईल कुठं? म्हणून गेल्या रविवारी आमच्या गावी, हसनाबादला गेलो. शेतात कपाशी उभी. गावात मऊ, सपाट आणि मोकळी जमीन एकच, ग्रामपंचायतीसमोरची. तिथं मी तंबू ठोकला, आत मांडी घातली आणि सुरेखा घरून डबा आणेपर्यंत डोळे मिटले. आपल्या जिल्ह्यात सरकारी दारासमोर तंबू टाकून डोळे मिटणं म्हणजे काय, हे शाळेतलं पोर सांगेल. मला सुचलं नाही.

डोळे उघडले तर समोर कडूबा. (आमचा शेतशेजारी, बांधावरून भांडतो पण प्रेमानं.) म्हणाला, "कल्याणशेठ, बसले तं बसले, सांगायचं तरी."

"बसलो न्हाई बाबा. तंबू बघून राह्यलो."

"पहिल्या दिवशी समदे असंच म्हणतात. दबाव हाये का कोणाचा?"

अर्ध्या तासात सतरंजी आली, माईक आला, आणि मागणीही आली. खालच्या आळीची विजेची डीपी जळून महिनाभर तिथं अंधार होता. गावाला उपोषणाला बसणारा माणूस हवा होता, आणि मी आपण होऊन खुंट्या ठोकून दिल्या होत्या. मी दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

तेवढ्यात सुरेखा मेथीची भाजी न् भाकरी घेऊन आली. कडूबाच्या गर्दीतल्या नंदाबाईनं तिला वाटेतच अडवलं. "वहिनी, डबा पदराखाली घ्या, फोटो काढून राह्यले." भाजी-भाकरी गेली ती गेलीच. सुरेखानं माझ्याकडं पाहिलं, माईककडं पाहिलं, म्हणाली, "मंग मी बी बसते," आणि आत येऊन चेन लावून घेतली.

बाहेर गाव, आत आम्ही दोघं. खांद्याला खांदा लागत होता (दोघांचा तंबू म्हणजे दोन बारीक माणसांचा, हे कंपनी लिहीत नाही). बोलायला विषय नव्हता, म्हणून आम्ही बोलत राहिलो. कुणाचा फोन नाही, गिऱ्हाईक नाही. गावातल्या सुग्रीवनं बाहेरून विचारलं, "पाठिंब्याला आत येऊ का?" सुरेखा म्हणाली, "न्हाई. दोघांचाच हाये." तो "बराबर" म्हणून गेला. आदिनाथराव, कोणी रुसलं नाही. आभाळ कोसळलं नाही. मी थक्क होऊन बसलो.

दुपार कलताना मागच्या दाराची चेन हलली आणि दुर्गाबाईचा हात आत आला. आमच्या मागच्या घरातली म्हातारी. हातात डबा, ठेचा-भाकर. "गुपचूप खा. उपाशी मानसाकडं बघून मह्या घशाखाली घास उतरत न्हाई." दोन दारांचा तंबू घ्यावा म्हणतात तो यासाठी.

संध्याकाळी वीज कंपनीचे साहेब लेखी आश्वासन देऊन गेले, सरपंच राधाकिसन यांनी लिंबूपाणी पाजलं. तेव्हा मला ठेच्याचा ढेकर आला, तो माईकनं गावाला ऐकवला. लोकांना वाटलं, अशक्तपणा. मंगळवारी डीपी बसली. परतताना सुरेखाला भीत भीत म्हटलं, झालं की तुझं, दोघंच होतो. ती म्हणाली, "ही तालीम झाली."

रेणूला आणि पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
कल्याण

ता.क. : आता मुद्दा. येत्या शुक्रवारी आम्ही डोंगरावर निघतोय. तुम्ही येऊ नका. शीतललाही असंच कळवलंय. हे मला सुरेखानं सांगितलेलं नाही. फोन करणार होतो, पण फोनवर मी "या की" म्हणेन, म्हणून पत्र. ते पोचल्यावर कृपा करून फोनही करू नका.

ता.क. दुसरा : दिवाळीला मात्र सगळे या. घर आठ जणांचं आहे.

ता.क. तिसरा : दुर्गाबाईचा डबा आमच्याकडंच राहिला होता. डबा रिकामा परत द्यायची आपल्यात रीत नाही, आणि तिला दात थोडे, म्हणून बेसनाचे लाडू मीच वळले. गोल झाले नाहीत. आज सकाळी हसनाबादला गेलो तर ती शेतात गेलेली. डबा चुलीजवळ ठेवला, दार ओढून घेतलं आणि आलो.