उजव्या भिंतीतलं खोटं दार

१० मार्च २०१४, सोमवार
वेलिंग्टनहून रिमुटाकाचा घाट ओलांडून दुपारी पोचलो. ऊन छान, वारा चक्क नाही. हॅलम कुटुंबाचं हे घर जॉर्जियन धाटणीचं: मधोमध दार, त्यावर पंख्यासारखी अर्धगोल काच, दोन्ही बाजूंना सारख्याच उंच खिडक्या. आत छताच्या कडेने प्लास्टरची नक्षी, जिन्याचा कठडा सुरेख. जानेवारीच्या भूकंपात तडे गेले. मजबुतीकरणाआधी मोजमाप घेऊन नकाशा करायचा, हे आमचं काम.

सोबत मैत्रेय, ऑफिसातला माझा ज्युनिअर. मला ताई म्हणतो. मी सांगितलेलं नाही. घर पाहून म्हणाला, हे तर मधोमध भांग पाडून शाळेला निघालंय. शनिवारी त्याची आई, बेबीताई, नागपूरहून येते. विमानतळावर जायचंच आहे, हे तो दिवसभर सांगतो.

जेवणघर मागच्या बाजूला, मधोमध. डाव्या भिंतीत कोठीचं दार. समोर उजव्या भिंतीत तसंच दुसरं, पण खोटं: मूठ आहे, बिजागऱ्या आहेत, मागे चिमणीची भरीव वीट. केवळ तोल साधायला. मालकीणबाई मिसेस हॅलम हसत म्हणाल्या, आमचं घर नकाशाचं ऐकतं, रेघ जपून ओढा.

११ मार्च
डावी अर्धी बाजू मोजली. उजवी मोजली नाही. दोन्ही सारख्या, तर लॅपटॉपवर मिररची एक कमांड पुरते: डावीकडचं सगळं आरशासारखं उजवीकडे उमटतं. मैत्रेय म्हणाला, ताई, एकदा टेप लावून तरी बघू. मी म्हटलं, तुझ्या वेगाने गेलो तर तुझ्या आईला विमानतळावरच बिऱ्हाड करावं लागेल. तो हसला, थोडा उशिरा.

१२ मार्च
खोटं दार उघडतं.
मिरर करताना डावीकडची कोठी उजवीकडेही उमटली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता ती खरंच तिथे आहे. त्याच फळ्या, त्याच कपबश्या, कान उलट दिशेला. डाव्या कोठीत मैत्रेयने रेनकोट टांगलाय. इथेही तो आहे, खिसा दुसऱ्या बाजूला. बाहेरून पाहिलं तर फक्त चिमणी. मिसेस हॅलमना विचारलं. म्हणाल्या, मग नकाशात तसंच असेल. आणि चहा ओतला.

१३ मार्च
मैत्रेय टेप घेऊन आत गेला. मी बाहेर, लॅपटॉपवर. चूक समोर दिसत होती. चूक मला बघवत नाही. नकाशातली उजवी कोठी पुसली, तिथे भरीव वीट रेखली, सेव्ह केलं. सवयीने. तो आत आहे हे —

दार गच्च. विटेतून ठोके येतात.

१४ मार्च
दार नकाशात पुन्हा रेखलं. उघडतं, मागे वीट. पोलीस येऊन भिंत थोपटून गेले. तेवढा वेळ ठोके बंद. मी कुदळ उचलली. मिसेस हॅलम म्हणाल्या, नकाशात तिथे भरीव वीट आहे. फोडलीत तर तोही विटेचाच निघेल.

त्याचा फोन माझ्याकडे. बेबीताईंचा मेसेज: विमानात बसले रे. स्वेटर घालून ये.

१५ मार्च
ठोके मंदावलेत. एकच उपाय — पुन्हा मिरर. कोठी परत येईल, तो तिच्यात असेल. डाव्या कोठीत बसून सगळं पुन्हा मोजलं. इथूनच कमांड दिली.

समोरचं दार उघडलं. ठोके थांबले.

मैत्रेय नाही. डावीकडे जे असतं तेच उजवीकडे उमटतं. डावीकडे तो नव्हता —
मी होते.

ती समोर बसलीय. मांडीवर लॅपटॉप. घड्याळ उजव्या हातात. हसत नाही. मीही नाही.
तिच्या बाजूने पाहिलं तर खोटं दार माझं. चूक म्हणजे माझी कोठी.
तिचा हात की-बोर्डवर. चूक तिला बघव